रिजेक्ट केलेला नग पॅलेटमधनं जात नाही, आणि टोटल मात्र बरोबर येतं

उद्यमबागवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी प्रोग्रामर नव्हे. डिप्लोमा मेकॅनिकल, बेळगावात उद्यमबागला एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, १४ वर्षं झाली. पायथन मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलोय, तेही रात्री जेवण झाल्यावर, त्यामुळं चुका असणारच. हसा, खरं उत्तर द्या. (पुण्याकडच्यांसाठी: आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण'.)

आधी काम सांगतो, त्याशिवाय कोड कळायचा नाही. आमची भट्टी ५०० किलोची. एकदा वितळवून ओतलं की ती एक हीट. हीटचा नंबर साच्यातच घालतात, म्हणजे त्या हीटच्या प्रत्येक नगाच्या अंगावर तो उमटतो. उद्या गिऱ्हाईकानं विचारलं, हा तुकडा कुठल्या दिवशीच्या लोखंडाचा, तर सांगता यायला पाहिजे. सध्या पंपाची एक बॉडी चालू आहे, ८.४ किलोची, एका हीटमधनं चाळीसएक नग निघतात. साचा फोडायचा, रनर-रायझर (रस आत जायच्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड) तोडायचे, शॉट ब्लास्टिंग, ग्राइंडिंग, आणि मग नग बारा-बारानं पॅलेटवर लागून माझ्या टेबलापुढं येतात. मी बघतो. ब्लोहोल (हवेनं पडलेलं भोक) दिसलं, वाळू घुसलेली दिसली, क्रॅक दिसली की लाल पेंटनं फुली आणि नग बाजूला. सिरीयल नंबर नंतर, पास झाल्यावर पंच होतो. तोपर्यंत बाराही नगांची ओळख एकच: पॅटर्न नंबर आणि हीट नंबर. हे लक्षात ठेवा, घोळ ह्याच्यातच कुठंतरी आहे असं मला वाटायलंय.

पूर्वी हे वहीत होतं. वही ग्राइंडिंगच्या धुळीनं काळी व्हायची आणि पावसाळ्यात तिची पानं चिकटायची, म्हणून मालकांना म्हटलं मी करून देतो. आता वाटतंय वही बरी होती.

प्रोग्राममध्ये तीन क्लास (एकेका प्रकारच्या वस्तूची माहिती ठेवायचे नमुने) केलेत, तिन्ही डेटाक्लास, म्हणजे फील्डं (माहितीचे रकाने) सांगितली की बाकीचं पायथन लिहून देतो: हीट, पॅलेट, नग. हीटजवळ नगांची लिस्ट. पॅलेटजवळ नगांची लिस्ट. आणि नगाजवळ पॅटर्न, वजन, स्थिती, आपली हीट कुठली आणि आपण कुठल्या पॅलेटवर आहे ते. शेवटचं मुद्दाम ठेवलं, कारण नगावर क्लिक केलं की पॅलेट नंबर दिसायला पाहिजे. रिजेक्टची लिस्ट वेगळी.

घोळ पहिला. नग रिजेक्ट केला की त्याला रिजेक्टच्या लिस्टमध्ये अपेंड करत होतो, म्हणजे शेवटी जोडत होतो. मला वाटलं तिकडं गेला म्हणजे इथनं गेला. टोटल १२ यायच्या जागी १३. मग कळलं की आधी काढायला पाहिजे. तीन ओळी केल्या:

नग.पॅलेट.नग_लिस्ट.रिमूव्ह(नग)
रिजेक्ट_लिस्ट.अपेंड(नग)
नग.स्थिती = 'रिजेक्ट'

टोटल १२ आलं. दोन महिने टोटल रोज बरोबर. मागच्या आठवड्यात डिस्पॅचची यादी छापली तर ११ नगांत एकापुढं 'रिजेक्ट' लिहिलेलं! म्हणजे फुलीवाला नग रिजेक्टच्या लिस्टमध्येही आहे, पॅलेटवरही आहे, आणि एक चांगला नग ना पॅलेटच्या लिस्टमध्ये, ना रिजेक्टच्या. टेम्पो गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्न मारायलाय, आणि मी पॅलेट उतरवून एकेक नग हातानं मोजायलोय. गेल्या दोन महिन्यांत काय काय गेलं असेल ह्याचा विचार मी करत नाही.

आणि हे रोज होत नाही. माझ्या प्रोग्रामला दोन स्क्रीन आहेत. एकीवर नुसतं रिजेक्टचं बटण, दुसरीवर कारण लिहून रिजेक्ट. दुसरीवरनं केलं की सगळं बरोबर! तोच नग, तीच लिस्ट, त्याच तीन ओळी.

घोळ दुसरा. पॅलेट रिकामं करायला फॉर लूप लावून एकेक नग रिमूव्ह करतो. १२ पैकी ६ राहतात. परत बटण दाबलं की ३, परत दाबलं की १, परत दाबलं की रिकामं. त्यामुळं सध्या चार वेळा दाबायलोय. पोरं विचारतात, सर चार वेळा का? मी म्हणतो, सिस्टीम तशीच आहे.

घोळ तिसरा. रिजेक्ट रिपोर्टसाठी नगाची त्या वेळची नक्कल ठेवावी म्हणून डीपकॉपी केली. एका नगाची. कॉम्प्युटर घुसमटायला लागला. एका नगात एवढं काय आहे?

सरळ_सांगतो

एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) वापरा. १२ नगांसाठी क्लास कशाला.

उद्यमबागवाला

१२ नव्हेत ओ, दिवसाला तीनशेच्या आसपास. आणि डेटाबेस मला येत नाही. जे येत नाही ते दोन दोन गोष्टी एकदम कसं शिकू?

पाटीवरची_अक्षरं

मी बेळगावातच एका डिग्री कॉलेजात बीसीएला शिकवते. तुमचा प्रश्न मी उद्याच्या तासाला फळ्यावर घालणार आहे, परवानगी आहे असं धरते.

पहिल्या घोळापासून. तुम्ही म्हणालात, "तिकडं गेला म्हणजे इथनं गेला." लिस्टमध्ये नग नसतो. नगाचा पत्ता असतो, म्हणजेच रेफरन्स. अपेंड केलं की नग हलत नाही, त्याच्या पत्त्याची आणखी एक चिठ्ठी तयार होते. तुमचा नग शॉपवर एका वेळी एकाच पॅलेटवर असू शकतो, पण त्याचं नाव दहा वह्यांत लिहिता येतं, आणि एका वहीत लिहिलं म्हणून दुसरीतलं आपोआप खोडलं जात नाही.

मुलांना मी चंदगडचं उदाहरण देते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा वगळून. तो मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. चंदगडची एक काजूची बाग इंचभरही हलली नाही. बदललं काय? बेळगावच्या तालुक्यांच्या यादीतनं एक नाव कमी झालं, कोल्हापूरच्या यादीत एक वाढलं, आणि चंदगडच्या दफ्तरावर 'जिल्हा' ह्या रकान्यात वेगळं नाव आलं. तीन नोंदी. तिन्ही झाल्या तरच बदली पुरी. एखादी राहिली तर एक तालुका दोन जिल्ह्यांच्या यादीत, किंवा यादी एक सांगते आणि तालुका दुसरंच. एकच गाव दोन याद्यांत असलं की काय होतं हे आपल्या भागात कुणाला शिकवायला लागत नाही.

तुमच्या तीन ओळींतही तिसरी नोंद राहिलीच आहे. नग रिजेक्ट झाला तरी त्याच्या 'पॅलेट' ह्या रकान्यात जुनंच पॅलेट आहे. त्यावर क्लिक करून बघा.

आता खरा घोळ, टोटल बरोबर आणि माल चूक. लिस्टचं रिमूव्ह हे "हाच नग काढ" असं समजत नाही. ते पहिल्यापासून बघत येतं आणि "ह्याच्यासारखा" पहिला जो भेटेल तो काढतं. सारखा म्हणजे काय हे क्लास ठरवतो. साध्या क्लासमध्ये तुम्ही काही सांगितलं नाही तर प्रत्येक ऑब्जेक्ट (त्या क्लासवरनं केलेली एकेक वस्तू) फक्त स्वतःसारखाच. पण डेटाक्लास मोठा उदार आहे: तो तुम्हाला न विचारता बरोबरीची पद्धत लिहून देतो, आणि सगळी फील्डं जुळली की दोन्ही नग सारखे म्हणतो. तुमच्या १२ नगांचा पॅटर्न एक, हीट एक, वजन एक, स्थिती एक, पॅलेट एक. तुम्ही सातव्याला फुली मारता, तो पहिल्याला उचलतो. ११ उरतात, टोटल जुळतं, आणि सातवा जिथल्या तिथं.

तुम्ही हातात नग घेतला की तुम्हाला हा तो कळतं, कारण भोक ह्याच नगाला आहे. कागदावर मात्र बाराही एक. प्रोग्राम कागदावरचं बघतो.

तुमच्या दुसऱ्या स्क्रीनचा कोड मी बघितलेला नाही, तरी पैज लावते. तिथं कारण लिहिताना स्थिती आधी बदलत असणार आणि रिमूव्ह नंतर. स्थिती बदलली की सातवा नग बाकीच्या अकरांसारखा राहत नाही, म्हणून रिमूव्ह बरोबर त्यालाच शोधतं. बघून सांगा.

उपाय: नग ह्या डेटाक्लासला ईक्यू फॉल्स, म्हणजे ती बरोबरीची पद्धत लिहू नकोस, असं सांगा. मग तो ओळख बघेल, रूप नाही. ओळ वरखाली करून भागवू नका. एकाच पॅलेटवरचे दोन नग रिजेक्ट झाले, कारणही एकच, तर रिजेक्टच्या लिस्टमध्ये ते दोघे परत सारखेच, आणि तिथनं एक काढायला गेलात की परत तेच.

व्यवस्थापक

धागा चांगला चाललाय. फक्त एक, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. चंदगड इथं चालेल, पण उदाहरणापुरतंच.

उद्यमबागवाला

मॅडम, पैज जिंकलात. दुसऱ्या स्क्रीनवर स्थितीची ओळ सगळ्यात वर आहे. मी ती तिथं का घातली माहीत आहे? कारणाचा रकाना त्या स्क्रीनवर वर होता म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आणि रिजेक्ट केलेल्या नगावर क्लिक करून बघितलं. तो अजून पॅलेट ४१ वर आहे म्हणायलाय. प्रत्यक्षात तो भट्टीशेजारच्या ढिगात पडलाय, मी स्वतः टाकलाय.

आमच्याकडं गंमत आहे बघा. मोल्डिंगचा एक जुना कामगार आहे, लिहायला येत नाही. त्याला बारा सारख्या बॉडी दाखवल्या तर कुठली आपल्या साच्यातनं निघाली ते सांगतो. पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन अर्ध्यांच्या सांध्याची रेघ) बघून म्हणे. असा ऑब्जेक्ट मला कुठं मिळेल?

निपाणी_ते_पुणे

मी निपाणीचा, आता पुण्यात, नोकरीतनं मोकळा. तुझा प्रश्न वाचून व्हीबी सिक्सचे, म्हणजे जुन्या व्हिज्युअल बेसिकचे, दिवस आठवले. बाळा, हा रोग जुना आहे, पायथनच्या आधीचा.

एका पतसंस्थेचं काम होतं माझ्याकडं. खातेदार, त्याच्या कर्जखात्यांचं कलेक्शन, आणि प्रत्येक कर्जखात्याजवळ 'पॅरेंट' म्हणून खातेदाराचा रेफरन्स. तुझ्यासारखंच. व्हीबीत ऑब्जेक्ट किती जणांनी धरलाय त्याची मोजणी असायची. मोजणी शून्य झाली की तो मरायचा, आणि मरताना टर्मिनेटचा इव्हेंट यायचा. आता बघ: खातेदार कर्जाला धरून, कर्ज खातेदाराला धरून. बाहेरच्या सगळ्यांनी सोडलं, नथिंग लिहिलं, तरी ह्या दोघांची एकमेकांवरची पकड सुटत नाही. मोजणी कधी शून्य होतच नाही. टर्मिनेट कधी आलं नाही. दुपारपर्यंत मेमरी भरायची आणि काउंटरवरची बाई जेवायला जाताना मशीन बंद करून जायची. मला ती म्हणायची, तुमचा प्रोग्राम दुपारी झोपतो. दोन वर्षं मी तिला विजेचा दोष सांगितला.

शेवटी प्रत्येक क्लासला 'मोकळं कर' अशी मेथड लिहिली. सोडायच्या आधी ती हाक मारायची, ती सगळ्या मुलांचा पॅरेंट पुसायची. काही हुशार लोक पॅरेंटचा नुसता मेमरी पत्ता आकड्यात ठेवायचे, म्हणजे मोजणी वाढत नाही. मीही केलं. एकदा पत्ता शिळा झाला आणि सगळा एडिटर न सेव्ह केलेल्या कोडसकट बसला. परत त्या वाटेला गेलो नाही.

तुला ही भीती नाही. पायथनही मोजणीच करतो, पण २००० साली आलेल्या पायथन २.० पासून त्याच्याकडं असे गोल शोधून मोडणारा वेगळा झाडूवाला आहे. जावात आणि डॉटनेटमध्ये मोजणीची पद्धतच नाही, कुठून तरी पोचता येतंय का एवढंच बघतात, त्यामुळं गोल असला तरी बिघडत नाही. तेव्हा नगाजवळ पॅलेटचा रेफरन्स खुशाल ठेव. कुणी तुला वीक रेफरन्स लाव म्हणेल. तो ऑब्जेक्ट धरून ठेवत नाही, नुसता लक्ष ठेवतो. पण मग पॅलेट दुसऱ्या कुणी धरलेलं नसेल तर ते तुझ्या हातातनं नाहीसं होईल आणि नन, म्हणजे 'काहीच नाही', मिळेल. गरज नसताना नको.

मोठी गोष्ट वेगळीच आहे. बाईंनी तीन नोंदी सांगितल्या. त्या तीन ओळी तुझ्या दोन स्क्रीनवर दोन ठिकाणी लिहिल्यास, म्हणूनच एकीकडं बरोबर आणि एकीकडं चूक. उद्या तिसरी स्क्रीन होईल. हलवण्याचं दार एकच ठेव. नगाला एक मेथड दे, 'हलव', तिला नवी जागा द्यायची. ती आधी जुन्या जागेच्या लिस्टमधनं स्वतःला काढेल, मग नव्या लिस्टमध्ये घालेल, मग स्वतःची जागा बदलेल. रिजेक्टलाही नुसती लिस्ट ठेवू नकोस, तीही एक जागाच कर, पॅलेटसारखी. बाहेरच्या कुणी लिस्टला थेट अपेंड केलं की त्याच्या हातावर मार. लिस्ट दाखवायची असेल तर टपल (न बदलता येणारी लिस्ट) करून दाखव, म्हणजे बघता येतं, हात लावता येत नाही.

हे माझं डोकं नव्हे. विंडोज फॉर्म्समध्ये एका पॅनेलमधलं बटण दुसऱ्या पॅनेलच्या कंट्रोल्समध्ये घातलं की ते पहिल्यातनं आपोआप निघतं. ब्राउझरमध्येही तेच: पानावरचा एखादा नोड अपेंडचाइल्डनं दुसऱ्याखाली घातला की जुन्या जागी तो राहत नाही. 'तिकडं गेला म्हणजे इथनं गेला' हे तुझं वाटणं तिथं खरं आहे, कारण कुणीतरी ते दार बांधून ठेवलंय. लिस्ट बिचारी साधी आहे. तिला पोरं आहेत हेच माहीत नाही.

उद्यमबागवाला

काका, 'दुपारी झोपतो' वाचून माझी बायको आत हसली. तिला मी चार वेळा बटण दाबण्याचं काय कारण सांगितलंय ते इथं लिहीत नाही.

पाटीवरची_अक्षरं

चार वेळांचं बघू. लूप लिस्टमध्ये कितवी जागा ते मोजत पुढं जातो. शून्याव्या जागेचा नग काढला की मागचे सगळे एक पाऊल पुढं सरकतात. लूप मात्र पहिल्या जागेवर जातो. जो सरकून शून्यावर आला तो सुटला. म्हणून एकाआड एक राहतो: १२ चे ६, ६ चे ३, ३ चा १. बस चालू असताना रांगेतला पहिला माणूस आत घेतला, रांग पुढं सरकली, आणि कंडक्टर दुसऱ्या क्रमांकापाशी जाऊन उभा राहिला, असं.

लिस्टची नक्कल काढून त्या नकलेवर लूप चालवा आणि मूळ लिस्टमधनं काढा. एकदाच दाबा. लिस्टला क्लिअर म्हटलं तरी ती रिकामी होईल, पण मग प्रत्येक नग अजून "मी पॅलेट ४१ वर" म्हणत राहील. काकांचं 'हलव' वापरलंत तर हा प्रश्नच येत नाही.

डीपकॉपी: ती रेफरन्समागून जात राहते. नग म्हणाला माझं पॅलेट, ती पॅलेट नक्कल करते. पॅलेट म्हणालं माझे १२ नग, ती बाराही करते. प्रत्येक नग म्हणाला माझी हीट, हीट म्हणाली माझे ४० नग, त्यातले बाकीचे वेगवेगळ्या पॅलेटवर, ती पॅलेटंही आली. त्या पॅलेटवर दुसऱ्या हीटचे नग असले की ती हीटही. एका नगाची नक्कल मागितलीत, दिवसाची सगळी फौंड्री मिळाली. रिपोर्टला लागणारी चार फील्डं तेवढी उचला, पॅलेटचा नुसता नंबर लिहा.

जांबोटीची

मी खानापूर तालुक्यातली, बेंगळुरात जावाचं काम करते. कुणी विचारलं नाही, तरी एक सांगते. दादा, तुम्ही हीट कशा ठेवल्यात? डिक्शनरीत, म्हणजे चिठ्ठीवरनं वस्तू शोधायच्या कपाटात, हीट नंबर ही की, म्हणजे चिठ्ठी, करून? असेल तर नंबर चुकीचा टाइप झाला आणि तुम्ही नंतर हीटमधला नंबर दुरुस्त केला, तर डिक्शनरीतली की जुनीच राहते. ऑब्जेक्ट म्हणतो मी २१७, कपाटावरची चिठ्ठी म्हणते २७१.

गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. ज्यांनी गावाला धरून ठेवलं होतं त्यांना काहीच फरक पडला नाही, गाव तिथंच. ज्यांनी नावाला की केलं होतं त्यांच्याकडं दोन गावं झाली. रेल्वेचं बघा, पाटी बदलली, स्टेशनचा कोड अजून बीजीएमच. की अशी पाहिजे जी कुणाला बदलावीशी वाटणारच नाही.

उद्यमबागवाला

ताई, डिक्शनरीच आहे आणि की हीट नंबरच आहे. तुम्ही लिहिल्यावर बघितलं तर एक हीट दोन नंबरांनी बसलीय. नाइट शिफ्टला पोरगा झोपेत टाइप करतो.

सरळ_सांगतो

मघाशी फारच थोडक्यात लिहिलं, माफी. डेटाबेस का म्हटलं ते सांगतो. डेटाबेसमध्ये पॅलेटच्या टेबलात नगांची लिस्ट नसतेच. नगाच्या ओळीत पॅलेट नंबर, एवढंच. पॅलेटवर कोण कोण आहे हे विचारायचं, ठेवायचं नाही. एकच नोंद, म्हणून दोन नोंदींचं भांडण नाही. हे तुम्ही डेटाबेसशिवायही करू शकता: पॅलेटमधली लिस्ट काढूनच टाका, सगळे नग एका लिस्टमध्ये ठेवा, आणि पॅलेटवर कोण म्हटलं की चाळून सांगा. ३०० नग चाळायला कॉम्प्युटरला काही वेळ लागत नाही.

निपाणी_ते_पुणे

हे माझ्यापेक्षा बरं आहे, कबूल. फक्त पॅलेटवर नग कुठल्या क्रमानं लागलेत ते लागत असेल तर लिस्ट पाहिजे. चाळून काढलेल्याला पॅलेटवरचा क्रम नसतो.

उद्यमबागवाला

क्रम लागतो काका. वरचा थर आधी बघतो मी. त्यामुळं लिस्ट ठेवली, दार एक केलं.

आज जे केलं ते लिहितो, चूक असेल तर सांगा. नगाला ईक्यू फॉल्स. रिजेक्ट आता पॅलेटचाच भाऊ आहे, दोघांचा वडील 'जागा' असा क्लास. हलवणं फक्त 'हलव' मधनं, दोन्ही स्क्रीन तिलाच हाक मारतात. स्क्रीनमधल्या त्या तीन ओळी खोडल्या. हीटची की म्हणून आपोआप वाढणारा आकडा, छापायचा नंबर वेगळा. डीपकॉपी काढली. पॅलेट रिकामं करायचं बटण एकदा दाबलं, रिकामं झालं, सवयीनं आणखी तीन वेळा दाबलं.

नगाची जागा बदलते, हीट मात्र बदलत नाही. ओतलेलं लोखंड कुठल्या हीटचं ते बदलून कसं चालेल? म्हणून हीट नग तयार होतानाच घेतो आणि ती बदलायला मेथडच ठेवली नाही. आधी मी दोन्हीला 'पॅरेंट' म्हणत होतो. एक आई आहे आणि एक भाड्याची खोली, हे मला आत्ता दिसलं.

पाटीवरची_अक्षरं

छान. एक विचारते. रिजेक्ट नगाचं तुम्ही पुढं काय करता?

उद्यमबागवाला

परत भट्टीत, मॅडम. रनर-रायझरबरोबर.

पाटीवरची_अक्षरं

मग तो दुसऱ्या हीटमध्ये वितळला. त्याची जागा आता कुठली? आणि त्याच्या पहिल्या हीटनं त्याला लिस्टमध्ये अजून धरलंय.

निपाणी_ते_पुणे

धरू दे तिला, बाई. रिजेक्शनचा टक्का त्या लिस्टवरनंच निघणार आहे. तिनं सोडला तर पायथन त्याला पुसेल, आणि मालक विचारतील तेव्हा ह्याच्याकडं दाखवायला काही नाही.

उद्यमबागवाला

म्हणजे 'वितळला' म्हणून तिसरी जागा करतो. शिफ्ट सात वाजता सुटते, तोवर होईल. ढीग उद्या सकाळी भट्टीत जाणार आहे, त्यात पॅलेट ४१ चा तो सातवा नगही आहे.